आर्डन ट्वेटचा तिसरा पंप

“काढ बाहेर. आज यांच्यादेखत काढ,” आर्डन ट्वेट म्हणाला आणि माझ्या गॅरेजच्या मधोमध खुर्ची ओढून बसला. साक्षीला त्यानं कॅफेतली दोन टाळकी बरोबर आणली होती. मी त्याच्या जुनाट पिकअप ट्रकखाली आडवा पडलो होतो. त्या ट्रकचा पेट्रोल खेचणारा पंप टाकीच्या पोटात असतो, म्हणजे पंप बघायचा तर अख्खी टाकी उतरवावी लागते. वर्षभरात हा तिसरा पंप गेला होता, आणि तिन्ही मीच बसवलेले.

पंप बाहेर आला तो काळा ठिक्कर.

“तुझ्या बापानं तारेचे तुकडे जोडून गाड्या चालवल्या,” आर्डन म्हणाला, “त्या कधी सुगीत बंद पडल्या नाहीत. तू भंगार बसवतोस, लोवेल, आणि वर मलाच शहाणपण शिकवतोस.”

टाळकी हसली. माझं डोकं फिरलं. मोंटानाच्या या टोकाला गावं एवढीशी, कॅफेत एकदा नाव खराब झालं की गॅरेजला कुलूप लावलेलं बरं. मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? वायरिंग बदललं होतं, फिल्टर बदलला होता, टाकी आतून धुतली होती. पण त्या दिवशी टाकी उतरवताना ती हाताला अगदीच हलकी लागली. हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून थंड राहतो. टाकीत पेट्रोल कायम तळाशी असेल तर तो तापून जळणारच. मी ते त्याला तोंडावर सांगितलं.

तो उठून उभा राहिला. “दर शनिवारी मी शेतावरच्या पिंपातून टाकी काठोकाठ भरतो. थंडीत टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हे मला पोरवयातच शिकवलंय. खोटारडा म्हणतोस मला?”

“खोटारडे नाही म्हणत.”

“मग काय, खुळा?”

आता कुणी हसलं नाही. ट्रकमधला पेट्रोलचा काटा कधीच मेलेला, त्यामुळे खरं-खोटं करायलाही काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला तसंच वाटलं होतं. म्हाताऱ्याचा तोल सुटत चाललाय, आणि खापर माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी मी नवा पंप बसवला, हट्टानं टाकी गळ्यापर्यंत भरली आणि ट्रक स्वतः चालवत त्याच्या शेतावर नेला. दारात आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत मारल्यासारखंच असतं, आणि त्यानं विचारली नाही. मला स्वयंपाकघरात उभं करून तो माझ्या घराण्याचे दोष मोजत राहिला. माझं लक्ष खिडकीतून बाहेर गेलं, तर ट्रकच्या टाकीचं झाकण उघडं. मी तसाच बाहेर धावलो.

टाकीत रबरी नळी खुपसून आर्डनची मुलगी मार्लिस पेट्रोल कॅनमध्ये काढत होती. ती माझ्या शाळेतली, माझ्याच वर्गातली.

“तू तुझं काम केलंस ना? मग जा आता,” ती म्हणाली.

मी हललो नाही, तेव्हा तिनं सांगितलं. सुगीनंतर आर्डन एकदा पार देशाच्या सीमेजवळ सापडला होता, ट्रक चालू, दिवे चालू. गहू गोदामात घालायला निघालोय म्हणाला. ट्रकमध्ये गहू नव्हता, आणि ते गोदाम पाडूनही कित्येक वर्षं झालेली.

“मग किल्ली काढून घे,” मी म्हणालो.

“तू काढ ना. जा, आत जाऊन सांग त्यांना.”

इथं किल्ली ट्रकमध्येच लटकत असते, शेजाऱ्याला गरज पडली तर न्यावा त्यानं ट्रक. ज्याची किल्ली घरच्यांनी काढून ठेवली, तो संपला असं सगळा परिसर समजतो.

“कॅफेत जाऊन परत येण्यापुरतंच पेट्रोल ठेवते मी आत,” मार्लिस म्हणाली. “पंप जळतोय तर जळू दे. लोवेल भंगार बसवतो म्हणतील लोक. तुझं काय जातंय?”

“माझं गॅरेज जातंय.”

“आणि माझा बाप.”

आमच्या मागे पायरीवर आर्डन उभा होता. त्यानं नळीकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं. त्यानं ओरडावं असं मला फार वाटलं, कारण ओरडणाऱ्या आर्डनशी कसं वागायचं ते मला ठाऊक होतं.

“ते परत टाकीत ओत,” तो मुलीला म्हणाला. “पंप जळेल.”

मग तो ट्रकला वळसा घालून उजव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटकडे गेला. तिकडच्या सीटवर कुंपणाची तार, हातमोजे, पाने-पकडी असा वर्षानुवर्षांचा पसारा होता. एकेक वस्तू उचलून त्यानं मागे टाकली, चढून बसला आणि म्हणाला, “याला घरी सोडायचंय ना? चालव.”

मी दोघांच्या मधे अंग चोरून बसलो. मार्लिसचा पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट पुढे घ्यायची खटकी कुठे आहे ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. सीटच्या कडेवर बसूनच तिनं ट्रक काढला. माझी चूक नव्हती हे आता तरी कबूल करा, असं मी काहीतरी पुटपुटलो.

“तोंड बंद ठेव,” आर्डन म्हणाला.

समोरून कॅफेतल्या त्या दोघांपैकी एकाची गाडी येत होती. या रस्त्यांवर समोरून गाडी आली की चालवणारा नमस्कारादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, ओळख असो वा नसो. त्यानं आर्डनचा ट्रक ओळखून बोट उचललं, मग चालवतंय कोण ते पाहिलं आणि मान वळवली. मार्लिसचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

आर्डननं गुडघ्यावरच्या हाताचं एक बोट उचललं. हात खिडकीच्या खाली होता, बाहेरून कुणाला दिसला नसणार.