काळ्या केसांचा वाटा

मी उंद्रीच्या सोजराबाईंच्या बीजातून आत्ताच बाहेर फेकलेला जनुक बोलतोय. काळ्या केसांचा. मला अजून खरं वाटत नाही.

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला त्या साली सोजराबाई जन्मल्या. मी त्याच्याही आधीचा. त्या आईच्या पोटात होत्या तेव्हाच त्यांची सगळी बीजं तयार झाली. प्रत्येकात एक माझ्यासारखा, वडिलांकडून आलेला, आणि एक माझा जोडीदार, आईकडचा, कपाळावर पांढरी बट आणणारा. बीज पिकलं की त्याचे दोन भाग होतात. मोठ्या भागात राहील तो बाळापर्यंत जातो, इवल्या भागातला विरून जातो. सव्वीस वर्षं आम्ही बिलगून त्या दिवसाची वाट पाहिली.

सोजराबाईंच्या चारही मुली पांढऱ्या बटेच्या निघाल्या. थोरलीला पाहायला आलेले अमडापूरचे सोयरे पाणीही न घेता परत गेले. मग सासूबाईंनी, तानुबाईंनी, उपाय काढला. आईच्या खाण्यातून लेकराचे केस ठरतात असं त्यांचं ठाम मत. सुनेनं रोज पहाटे मूठभर काळे तीळ चावायचे आणि दूध काळ्या शेळीचंच प्यायचं. सोजराबाईंनी वर्षभर एक दिवस चुकवला नाही.

परवा दळता दळता तानुबाई म्हणाल्या, "याही बारीले पांढरी बट निघाली तं निवृत्तीले दुसरी करून देतो मी."

सोजराबाईंनी जातं थांबवलं. "तुमी सांगतलं ते समदं खाल्लं मी, आत्याबाई. आता अजून काय करू?"



मला मात्र धीर होता. गेल्या साली त्यांच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, धाकट्या भावासोबत शेत वाटलं ते मी आतून ऐकलं होतं. थोरल्यानं बांध आखायचा आणि तुकडा आधी धाकट्यानं निवडायचा, अशी रीत. म्हणून निवृत्ती वीतभरही इकडेतिकडे करेना. मला वाटलं, आतली वाटणीही अशीच सरळ असणार.

आज बीज पिकलं. मोठ्या भागाकडे तोंड माझं होतं. माझं! तेवढ्यात जोडीदारानं आम्हाला दोन बाजूंना ओढणाऱ्या बीजातल्या धाग्यांना असा हिसका दिला की आम्ही दोघं उलटे फिरलो. तो मोठ्या भागात, मी काठावरच्या इवल्या भागात. मी थक्कच झालो. इतकी वर्षं ज्याच्या अंगाला अंग लावून राहिलो, त्यानं असं करावं? चारही मुलींच्या वेळी हेच झालं असणार. इथे आखणाराही तोच आणि निवडणाराही तोच, हे मला आज कळलं.

आता मी या थेंबाएवढ्या जागेत विरघळतो आहे. या बीजाचं मूल झालं तर त्याच्या कपाळावर बट येणार, हे ठरून गेलं. तानुबाई, सुनेचं काही चुकलं नाही हो. आत वाटणी झाली, हेसुद्धा तिला ठाऊक नाही.

बाहेर पहाट झाली असावी. दाताखाली तीळ फुटल्याचा आवाज येतोय. आज त्यांनी रोजच्यापेक्षा मोठी मूठ घेतली आहे.

सोजराबाई, ठेवा ते तीळ खाली. मी आता तिथे नाही.