गुडघ्याखालच्या कुत्र्यांचं फाटक

मित्रांनो, मला हात लावलात तर तळव्याला गंज लागेल. आधीच सांगून ठेवलेलं बरं. माझ्या वरच्या पट्टीवर हिरवा रंग आहे, त्याखाली निळा, आणि त्याच्याही खाली कोंडवाड्याच्या दिवसांतलं काळं डांबर. मी लोखंडी फाटक आहे. उंची मोठ्या माणसाच्या छातीएवढी. हल्ली तळेगाव दाभाडे इथल्या एका सोसायटीत, कुत्र्यांसाठी केलेल्या बागेत मी उभं असतं. तिथले लोक तिला डॉग पार्क म्हणतात.

मला सुदुंबऱ्याच्या एका लोहाराने घडवलं. त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. तिथून मी जवळच्या एका गावच्या कोंडवाड्याला लागलं. तुमच्यापैकी अनेकांनी कोंडवाडा पाहिला नसेल. दुसऱ्याच्या शेतात शिरून पीक खाणारी मोकाट जनावरं जिथे कोंडत, ती ही जागा. केरबा नावाचा माणूस तो सांभाळायचा. म्हशींना चारापाणी करायचा आणि शेळ्या आल्या की त्यांना बांबूच्या ताटीमागे वेगळं ठेवायचा.

"केरबा, शेळ्यांना येगळी खोली व्हय रं? पावण्या हायेत का तुज्या?" असं एकजण त्याला हसला होता.

"म्हस मारत न्हाई," केरबा म्हणाला. "पर म्हशीचा पाय पडतो. आन पडला ते तिला कळत बी न्हाई."

मग शेतं विकली गेली, मोकाट जनावरंही उरली नाहीत. कोंडवाडा पाडला. मी ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीला कित्येक वर्षं टेकून होतं. माझ्या गजांवर गुळवेल चढली, कोंबड्या माझ्या आडव्या पट्टीवर रात्रीच्या बसू लागल्या. मी वाईट वाटून घेतलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. ज्याला उघडायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ते कसलं फाटक?

पुढे केरबा त्या सोसायटीचा राखणदार झाला. तिथे कुत्र्यांची बाग आखली, तिचे दोन भाग केले. मोठ्या कुत्र्यांचा भाग मोठा, लहानांचा लहान. मधे फाटक हवं होतं. केरबा म्हणाला, "एक हाय पडलेलं. लय गुणाचं हाय." मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी आपल्याला गुणाचं म्हटलं की गंजलेल्या बिजागऱ्यासुद्धा हलक्या होतात.

कुठलं कुत्रं कुठे, हे केरबानेच ठरवलं. गुडघ्याखालचं अलीकडे, गुडघ्यावरचं पलीकडे.

"कुणाच्या गुडघ्याखालचं?" लोकांनी विचारलं.

"माज्या. सोसायटीत सगळ्यात बुटका मीच हाय."

लोक हसले, पण नियम चालू झाला.

लहान भागात रोज येणारी एकच होती. चिमी. पांढरी, केसाळ, तीन किलोची. पहिल्याच दिवशी ती माझ्या दोन गजांमधून सहज पलीकडे गेली. माझे गज म्हशींसाठी होते, त्यांना चिमी कुठून ठाऊक असणार? केरबाने तिला उचलून आणलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खालच्या अर्ध्या अंगाला बारीक जाळी तारेने घट्ट आवळून बांधली. तिची टोकं मला आजही टोचतात.

चिमीला घेऊन कस्तुराबाई यायच्या. आंदर मावळातल्या एका वाडीत त्यांचं आयुष्य गेलं. गुडघे गेल्यावर मुलगा अमृत त्यांना इकडे घेऊन आला. अमृत आणि सून अनिता दोघंही कंपनीत. घर दिवसभर बंद. नात शिकायला परगावी गेली, तेव्हा चिमीला आजीच्या मांडीवर ठेवून गेली. दिवसभर कस्तुराबाई चिमीशीच बोलायच्या. घोरावाडी स्टेशनाकडून पाचच्या गाडीचा भोंगा आला की चिमी दाराशी जाऊन बसायची आणि दोघी खाली यायच्या. माणसाचा आवाज कानावर पडायचा तो त्या एका तासात.

आता माझ्या मनातली खरी बोच सांगायची आहे. बाग आखणाऱ्याने मोठ्या भागात दोन बाकं आणि बदामाचं झाड ठेवलं. लहान भागात काही ठेवलं नाही. लहान कुत्र्याला जागा लहान पुरते, असा त्याचा हिशेब. पण कुत्रं लहान असलं म्हणून त्याच्या माणसाचे गुडघे कमी दुखत नाहीत. कस्तुराबाई माझ्या वरच्या पट्टीला धरून उभ्या राहायच्या. पलीकडे बाकांवर माणसं बसलेली, हसत बोलत असलेली. मधे मी.

त्या माणसांत राजेंद्र म्हणून एक गृहस्थ होते. सज्जन माणूस. त्यांचा सुलतान चाळीस किलोचा, तोही वाईट नव्हता. येता-जाता माझे गज चाटायचा. एका संध्याकाळी राजेंद्र म्हणाले, "मावशी, किती वेळ उभ्या राहणार? या ना इकडे. बसा."

"नगं. हिचं आपलं हितंच बरं हाय."

"अहो, सुलतान काही करत नाही. घरात मांजर झोपते त्याच्या पोटाशी."

कस्तुराबाईंनी केरबाकडे पाहिलं. केरबा हळूच म्हणाला, "बसायला जा मावशी. पर तिला मांडीवरनं खाली सोडू नगा."

कस्तुराबाई गेल्या. केरबाने मला उघडलं, आणि त्या पलीकडे गेल्यावर माझी कडी लावून घेतली. आठवडाभर चिमी मांडीवर बसून राहिली. कस्तुराबाईंना बोलायला माणसं मिळाली. भात कसा लावायचा, मासवडी कशी करायची, ते त्या सांगू लागल्या. मलाही बरं वाटत होतं, हे कबूल करतं.

मग बाकावरचे लोक म्हणू लागले, "मावशी, सोडा की तिला जरा."

"भिते ओ ती."

"मांडीवर ठेवल्यावर भिणारच. खेळली की भीती मोडेल."

"तुम्ही लईच जपता बघा मावशी," एक बाई हसून म्हणाल्या. "सुनेलासुद्धा एवढं जपत नसाल."

सगळे हसले. कस्तुराबाईही हसल्या. मित्रांनो, परक्या ठिकाणी बसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. ज्यांनी बाकावर जागा दिली, त्यांच्या कुत्र्यावर विश्वास नाही असं कसं दाखवायचं? कस्तुराबाईंनी चिमीला खाली ठेवलं.

केरबा तेव्हा पुढच्या दाराशी पाण्याच्या टँकरला आत घेत होता.

आधी खेळच होता. सुलतानने हुंगलं, चिमीने शेपूट हलवली. मग आणखी दोन मोठी कुत्री आली. तिघांच्या पायांत ती सापडली आणि घाबरून पळाली. पळताना बारीक आवाजात केकाटली. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, पण कुत्र्यांच्या ओळखीचा असावा. लहानसं काहीतरी पळतंय आणि केकाटतंय, एवढंच त्यांना कळलं. आता चिमी त्यांच्या लेखी चिमी उरली नव्हती.

ती माझ्याकडे आली. माझ्या पलीकडे तिचा भाग होता, हे तिला ठाऊक होतं. तिने गजांमधून तोंड घातलं, तिथे जाळी होती. पंजांनी जाळी खरवडली. माझी कडी लागलेली होती. तिला सुरक्षित ठेवायला जे जे माझ्यावर बसवलं होतं, ते सगळं त्या क्षणी तिच्या वाटेत होतं. मी उघडू शकत नव्हतं. फाटकाला स्वतःहून उघडता येत नाही.

सुलतानने तिला पाठीत धरलं आणि दोनदा झटकलं.

राजेंद्र धावले, त्यांनी त्याच्या जबड्यात स्वतःचा हात घातला आणि चिमीला सोडवलं. कस्तुराबाईंना उठायला वेळ लागला. त्या पोचल्या तेव्हा चिमी माझ्या पायाशी पडली होती. राजेंद्रांच्याच गाडीतून तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांच्या हातातून रक्त येत होतं आणि ते सारखं एकच म्हणत होते, "त्याने असं कधीच केलं नाही हो."

चिमी वाचली. मागचा उजवा पाय मात्र ती टेकत नाही.

सोसायटीची सभा झाली. ती बागेतच भरली, म्हणून मी ऐकली. कुणी म्हणालं मोठी कुत्री बंद करा, कुणी म्हणालं लहान कुत्री आणूच नका. एकाने केरबाला विचारलं, "त्या वेळी फाटक बंद का होतं?"

"फाटक बंद व्हतं म्हनून झालं न्हाई, सायेब," केरबा म्हणाला. "ती तिकडं व्हती म्हनून झालं."

राजेंद्र खाली मान घालून बसले होते. तेव्हापासून ते सुलतानला भर दुपारी, कुणी नसताना आणतात. कस्तुराबाईंना काय हवं, असं शेवटी कुणीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "ल्हान्या भागात एक बाक टाका." सगळ्यांनी मान डोलावली. तीन महिने झाले. बाक अजून आलेलं नाही.

कस्तुराबाई बरेच दिवस आल्याच नाहीत. मग अनिताने समजूत घालून त्यांना खाली आणलं. पण चिमी माझ्याजवळ यायला तयार होईना. मला पाहिलं की ती थरथरायची. मी तिचं फाटक होतं, मित्रांनो. आता ती माझ्याकडे पाठ करून कस्तुराबाईंच्या खांद्यावर तोंड खुपसते. तशीच तिला घेऊन त्या लहान भागात भिंतीला टेकून उभ्या राहतात. पलीकडच्या कुणाशी बोलत नाहीत.

परवा तेजल नावाची नवीन राहायला आलेली मुलगी बागेत आली. तिच्या ओंजळीत मावेल एवढं पिल्लू होतं. बाकावरून कुणीतरी हाक मारली, "या ना, इकडे या. बसा. आमचा काही करत नाही."

तेजलने माझ्या कडीला हात घातला. कडी अर्धी सरकलीसुद्धा.

"पोरी," कस्तुराबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्या बाकांपर्यंत गेला. "तिकडं जाऊ नगं. हितं माज्याजवळ हुबी ऱ्हा."

"अहो मावशी, आमचा टायगर तसा नाही," बाकावरचे ते गृहस्थ म्हणाले.

"नसंल. पर माजी चिमी तीन पायांवर चालती. मी तवा लाजले. हिला लाजू देनार न्हाई."

तेजलने कडी परत लावली आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. त्यांच्या खांद्यावरून चिमीने त्या पिल्लाकडे पाहिलं.

मित्रांनो, मी म्हातारं फाटक काय मागणार? तुमच्या घरी मोठं कुत्रं असेल, तर तो काही करत नाही असं म्हणण्याआधी समोरचं किती लहान आहे ते बघा. लहान कुत्रं असेल, तर कुणाच्या भिडेखातर त्याला खाली ठेवू नका. कडी मला आहे, पण ती लावायची की काढायची, हे तुमच्या हातात असतं. आणि लहान भागाकडे कधी आलात, तर रिकाम्या हाताने येऊ नका. घरून एखादी खुर्ची घेऊन या. तिथे दोघीजणी उभ्या आहेत.