दोन बोटं माया

माणूस किती फुगणार आहे, हे शिंप्याला त्या माणसाच्या आधी कळतं. म्हणून मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा बेताचा कापला नव्हता. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवायचं. शिंपी त्याला माया म्हणतात. गिऱ्हाईक आज ना उद्या पोट पुढे घालून परत येतंच. मग ती माया सोडायची, कपडा सैल करून द्यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "धुण्यात आटला होता."

दुकान मुलाच्या गळ्यात घातल्यावर मास्तरांनी गाडीमागे जोडायचा एक जुना ट्रेलर घेतला. मास्तरीणबाई त्याला डबा म्हणत. डब्यात पलंग होता, शेगडी होती, गुडघ्याशी येणारं टेबल होतं; कपडे टांगायला मात्र इंचभर जागा नव्हती. पलंगाखाली दोन खण होते, त्यात घड्या करून कोंबायचं.

"घडी?" मास्तर म्हणाले. "माझा कोट आणि घडीत?"

कोट साधासुधा नव्हता. सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस साडूंच्या घरी होता, दोन दिवसांच्या वाटेवर. मागच्या खेपेला मास्तर बॅगेतून काढलेला कोट तसाच चढवून गेले, तेव्हा साडूंनी चारचौघांत विचारलं होतं, "काय मास्तर, कोट घातलाय की नकाशा?" साडूंचं हसणं मास्तरांनी सोडून दिलं असतं. पण सासूबाईही हसल्या होत्या, आणि त्या सहसा हसत नसत. ते हसू मास्तरांच्या नावावर तसंच राहिलं होतं. या खेपेला नवा, राखाडी कोट एकाही सुरकुतीशिवाय सासूबाईंसमोर उभा करायचा आणि ते फेडून टाकायचं, असा त्यांचा पण होता.

"दाराच्या मागे दोन खिळे ठोका नि मोकळे व्हा," बाई म्हणाल्या.

"खिळ्याला कॅलेंडर लावतात. कोटाला दांडी लागते."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि दाराच्या चौकटीपासून समोरच्या भिंतीपर्यंत डब्याची छाती मोजली. दोन्ही बाजूंना वरून उघड्या अशा कड्या बसवल्या आणि पाइपवाल्याकडे गेले.

"एवढाच कापू ना?" पाइपवाल्याने विचारलं.

"दोन बोटं जास्त ठेव."

"ती कशाला?"

"असू दे. पुढेमागे लागतात."

ट्रेलर जेवत नाही, त्याला पोट सुटत नाही, ही गोष्ट मास्तरांच्या ध्यानात आली ती घरी आल्यावर. दांडी दाराकडच्या कडीत बसली. पलीकडचं टोक मात्र कडीच्या वरच अडून राहिलं. मास्तरांनी चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "उतार बरा. हवा खेळते."

"कापून आणा ना दोन बोटं," बाई म्हणाल्या.

"कापलेलं परत येत नाही."

वाटेत हवा खेळली की नाही कोण जाणे, कपडे मात्र मनसोक्त खेळले. घसरगुंडीवरून उतरावे तसे सगळे हँगर दाराशी येऊन गोळा झाले. साडूंच्या अंगणात ट्रेलर उभा करून दोघं कपडे बदलायला आत शिरली, तर कोट बाईंच्या तीन पोशाखांखाली चेंगरलेला. मास्तरांनी दार लावून घेतलं, इस्त्री काढली आणि कोट असा सरळ केला की त्यावरून माशी घसरावी.

"आता घाला नि चला," बाई म्हणाल्या. त्या तयार होऊन पलंगावर बसल्या होत्या. उभं राहायला जागा मास्तरांनीच घेतली होती.

"थांब. आधी दांडी सपाट करतो. परतीच्या वाटेवर पुन्हा हा तमाशा नको."

त्यांनी कोट दांडीला लावला, लाकडी हातोडा घेतला आणि वर राहिलेलं टोक वरून ठोकायला सुरुवात केली. तिसऱ्या दणक्याला ते कडीत बसलं. भिंत 'कट्' म्हणाली.

"कसला आवाज तो?"

"फिटिंग बसलं."

फिटिंग इतकं बसलं की दाराची चौकट बाहेर फुगली आणि दार तिच्यात आवळलं गेलं. मास्तरांनी ढकललं, खांदा लावला, लाथ मारून पाहिली. दार जागचं हललं नाही. त्यांचा हात सवयीने कात्रीकडे गेला आणि शरमेने परत आला.

बाहेरून टकटक झाली. "मास्तर, जेवणं खोळंबलीत!" साडूंचा आवाज.

"येतोच," मास्तर म्हणाले. "जरा खिडकीपाशी या."

खिडकी मास्तरांच्या मापाची नव्हती, हे त्यांच्या डोळ्याने पाहताक्षणीच सांगितलं होतं. तरी त्यांनी आधी कोट हँगरसकट बाहेर सरकवला. "उंच धरा, भाऊ. घडी नको." मग बनियनवर स्वतःला खिडकीत घातलं आणि पोटाशी अडकले. तोवर पाहुणे अंगणात जमले होते. सासूबाई खुर्चीसकट बाहेर आल्या होत्या.

"ढकल गं!" मास्तर ओरडले.

"ढकलतेच आहे! भाऊजी, तुम्ही ओढा!"

"ओढतो, पण हा कोट?" साडू कोट हातावर दुमडू लागले.

"घडी नको!" मास्तर खिडकीतून किंचाळले.

साडूंनी इकडेतिकडे पाहिलं. टांगायला जागा नव्हती, ठेवायला नव्हती. शेवटी त्यांनी कोट सरळ अंगात घातला, मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. मास्तर बाटलीतून बूच निघावं तसे निघाले आणि फुलझाडांत पडले.

तेवढ्यात आतून एक दणका ऐकू आला. दार अलगद उघडलं आणि बाई तवा हातात घेऊन पायऱ्या उतरल्या. अंगावरच्या कपड्यांना सुरकुतीसुद्धा नव्हती.

"कसं उघडलंस?" मास्तरांनी मातीतून विचारलं.

"दांडी खालून ठोकली. तुम्ही वरून ठोकत होतात."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी तुम्ही आत होतात. हात वर करायला जागा कुठं होती?"

सासूबाईंचं लक्ष या दोघांकडे नव्हतं. त्या थोरल्या जावयाकडे, साडूंकडे, पाहत होत्या. ओढाओढीतही कोटावर रेघ उमटली नव्हती, खांदे जिथल्या तिथे होते.

"आज पहिल्यांदा माणसासारखा दिसतोयस," त्या म्हणाल्या. "कुणी शिवला रे?"

सगळं अंगण साडूंकडे पाहत होतं. त्यांनी बोट फुलझाडांकडे केलं.

सासूबाईंनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्या हसल्या. हे हसू कोणत्या खात्यावर मांडायचं, ते मास्तरांना कळेना. मग साडूंनी कोटाचं बटण लावलं. ते नुसतं लागलं नाही, थोडंसं ताणलं गेलं. मास्तरांचा चेहरा उजळला. ते माती झटकत उठले.

"काढू नका, भाऊ," ते म्हणाले. "जेवण होऊ द्या. आत दोन बोटं माया आहे, संध्याकाळी सोडून देतो."

परतीच्या वाटेवर बाईंनी दाराच्या मागे दोन खिळे ठोकले. टांगायला आता कोट नव्हताच.