सरुबाईचा ताप मी आणला

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. हाडांच्या पोकळीत जन्मले आणि रक्तातून वाहत सरुबाईच्या फुफ्फुसात राहायला आले. सरुबाई नाशिकजवळच्या मळ्यात झेंडू पिकवते आणि पंचवटीत विकते. तिच्या श्वासातून धूळ येते, चुलीचा धूर येतो. आलं की गिळायचं आणि पचवायचं, हे माझं काम. त्याबद्दल कुणी कधी शाबासकी दिली नाही.

साल दोन हजार उजाडलं आणि माझी पाचावर धारण बसली. बाजारातून परतताना रिक्षात शेजारी कुणीतरी सारखं खोकत होतं. त्या हवेतून क्षयाचा जंतू आत आला. नेहमीसारखं मी त्याला गट्ट केलं. पण मेला पचेचना! मेणचट कवच पांघरून माझ्याच पोटात वाढायला लागला. एकाचे दोन, दोनाचे चार. बाई गं, किती घाबरले मी!

अशा वेळी आम्हाला एकच येतं, हाका मारणं. आमच्या हाकेला आवाज नसतो. मी रसायनं सोडली. रक्तवाहिन्या सैल झाल्या, सोबतिणी धावत आल्या, आम्ही जंतूंभोवती कडं केलं. तीच रसायनं मेंदूपर्यंत गेली आणि तिन्हीसांजेला सरुबाईचं अंग तापू लागलं. तो ताप म्हणजे आमची हाकच होती. ती कमी पडली तर जंतू माजणार, जास्त झाली तर सुजेने फुफ्फुसच खराब होणार. दोन्हीकडून मरण सरुबाईचंच. ती वाळत चालली. बाहेर कुणाला हे कळणार तरी का, या धास्तीने मी अर्धी झाले.

तिच्या सासूबाईंना, भागीबाईंना वाटलं, नजर लागली. त्यांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या. नजर असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, असं त्या मानतात. इथे तर सगळं घर खोकून बेजार झालं! सरुबाईचा खोकला थांबेचना, पदराला रक्त लागलं.

"ही नजर नाय," भागीबाई घाबरून म्हणाल्या. "समद्यांना ठसका लागला. ऊठ पोरी, दवाखान्यात चल."

तिथे थुंकी तपासली, क्षय निघाला आणि एक दिवसाआड घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. जंतू पटापट मरू लागले. आम्ही हाका आवरल्या, ताप उतरला. आणि इथेच माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. कारण कड्याच्या आत काही जंतू निपचित पडले होते, मेले नव्हते. गोळ्या मध्येच थांबल्या की ते पुन्हा उठणार.

आज सकाळी सरुबाई म्हणाली, "आत्याबाई, आता ताप नाय, खोकला नाय. लय मळमळतं. उगा कशाला त्या गोळ्या?"

मला ओरडावंसं वाटलं. पण आमची हाक म्हणजे ताप, आणि तो तर उतरलेला! काय करू?

"दवाखान्यातल्या बाईंनी बंद कर म्हटलंय का? मग घे गुमान," भागीबाईंनी पाण्याचा तांब्याच पुढे धरला. तोंड वाकडं करत सरुबाईने गोळ्या गिळल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी हे औषध घेत असेल, तर ताप उतरल्यावरही गोळ्या गिळेपर्यंत त्यांच्यापाशी बसा. आतून आम्हाला काही सांगता येत नाही. परवा पुन्हा गोळ्यांचा दिवस आहे. भागीबाई तेव्हा लेकीकडे देवळ्याला गेलेल्या असतील. सरुबाई घरी एकटीच असेल, आणि तिला अगदी बरं वाटत असेल.