घाटाला लागलेली नाव

ताईंनी डाव्या हाताने चित्राची गुंडाळी हातभर उलगडली, उजव्या हाताने तेवढीच गुंडाळून घेतली आणि टेबलाभोवती बसलेल्या मंडळींना म्हणाल्या,

"पुढे वाकायचं नाही हं कोणी. डोंगर आपल्या पायांनी येईल."

"येऊ दे बाई. माझा गुडघा काही डोंगरापर्यंत जायचा नाही," पहिल्या खुर्चीवरच्या आजी म्हणाल्या.

विद्यापीठाच्या संग्रहालयात शनिवारी सकाळी ताई चिनी कलेचा हा कार्यक्रम घेत. कधी ब्रश धरायला शिकायचं, कधी भांडी उलटी करून बुडावरच्या खुणा बघायच्या, आणि महिन्यातून एकदा ही गुंडाळी. पंधरा हात लांबीचं हे चित्र भिंतीवर टांगायचं नसतं. टेबलावर हातभर उघडायचं, बघायचं, मिटायचं, पुढे सरकायचं. आधी नदी, मग घाट, मग पायवाट, मग डोंगर. घाईघाईत बघणाऱ्याचं इथे काम नाही, आणि वृद्धनिवासातून येणाऱ्या मंडळींना तर कसलीच घाई नव्हती. मूळ चित्र चारशे वर्षांचं. ते कपाटातून क्वचितच निघे. लोकांच्या हातात पडे ती खळकाकांनी केलेली नक्कल.

खळकाका म्हणजे संग्रहालयाचे डागडुजीवाले. तीस वर्षं गव्हाची खळ शिजवून फाटके कागद सांधत आलेला माणूस. त्यांनी नकलेत मुळातल्या घड्या उतरवल्या होत्या, कसरीने खाल्लेली भोकं उतरवली होती, मूळ चित्रावर बोट ठेवून बघणाऱ्या कुणा पुराण्या मालकाचा तेलकट डागसुद्धा. दोन्ही गुंडाळ्यांना त्यांनी एकसारख्या लाकडी पेट्या केल्या होत्या. सगळ्या खात्यात दोघांनाच त्या ओळखता येत, काकांना आणि ताईंना, आणि त्याही डोळ्यांनी नाही, हातांनी. कारण चित्र पाहून झालं की बघणाऱ्याने शेवटच्या कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहायच्या, अशी चीनमधली जुनी रीत. मुळाच्या शेवटी सात जणांनी लिहिलेलं होतं. नकलेत काकांनी तेही उतरवलं होतं, पण त्यापुढे लिहिलं होतं अख्ख्या गावाने. ताई कोणालाही लिहायला देत. गुडघेवाल्या आजींनी लिहिलं होतं, "चित्र छान. खुर्च्या कडक." असे कागद जोडून जोडून नक्कल गलेलठ्ठ झाली होती. हाताला जाड लागली की आपली, बारीक लागली की खरी.

मंडळींपैकी लिहायचे राहिले होते ते एकटे बसवाले दादा. वृद्धनिवासाची बस तेच चालवत. मंडळींना उतरवलं की मागच्या खुर्चीत येऊन बसत आणि एक शब्द न बोलता दोन तास बघत. ब्रश पुढे केला की दर वेळी एकच उत्तर.

"नको ताई. आमचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला."

त्या शनिवारी गुंडाळी सरकवायची पाळी त्यांची आली. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. नदीचा भाग सावकाश सरकला, घाट आला आणि दादा थांबले. घाटाला नाव लागली होती. उतरलेले प्रवासी छोट्या छोट्या पाठी फिरवून डोंगराच्या वाटेला लागले होते.

"काय झालं दादा? अडकली का?"

"नाही, नाही." ते नाकापर्यंत खाली वाकले. वाकायचं नाही हे ताईंनी त्यांना सांगितलं नाही.

शेवटी कोरा कागद आला तेव्हा दादांनी आपणहून ब्रश मागितला. लिहायला त्यांना बराच वेळ लागला. आजी म्हणाल्या, एवढ्या वेळात माझं मृत्युपत्र लिहून झालं असतं. दादा हसले, शाई वाळेपर्यंत कागदावर नुसतं बघत उभे राहिले, आणि मग मंडळींना बसमध्ये बसवायला गेले.

खोली रिकामी झाल्यावर ताईंनी ओळ वाचली.

"सगळे डोंगर बघायला गेले. नावाडी नावेतच पडून आहे. काढणाऱ्याने त्यालाही काढलं, त्याचे उपकार."

ताईंना गंमत वाटली. नाव रिकामी होती. पाच वर्षं त्या हे चित्र दाखवत होत्या आणि दर वेळी ती रिकामी होती. संचालकबाईंच्या पुस्तकातही स्पष्ट लिहिलेलं होतं, 'घाटाला लागलेली रिकामी नाव'. तरी त्यांनी गुंडाळी घाटापर्यंत मागे घेतली. नावेवरच्या चटईच्या छपराखालून दोन बारीक काळे फराटे बाहेर आले होते. तळव्यांचे. कोणीतरी आत अंग टाकून पडलं होतं आणि त्याचे पाय बाहेर राहिले होते.

ताईंनी गुंडाळी मिटली आणि खळकाकांना बोलावून घेतलं.

खळकाका आले ते भिंग घेऊनच. घाटावर दोन मिनिटं वाकले आणि सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे माझं काम नाही गं. हे खरं आहे."

मग सगळं ध्यानात यायला वेळ लागला नाही. शुक्रवारी बाहेरगावचे पाहुणे अभ्यासक आले होते. त्यांना मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी हवी होती. काकांनीच दोन्ही काढल्या आणि काकांनीच परत ठेवल्या, एकीची दुसरीच्या पेटीत. एरवी हाताला लगेच कळलं असतं. पण नक्कल फारच फुगली म्हणून ताईंना सांगून तिचे भरलेले कागद त्यांनी गुरुवारीच काढून ठेवले होते आणि त्या जागी एकच कोरा पट्टा जोडला होता. दोघी बहिणी एका अंगाच्या झाल्या होत्या. वर मूळ गुंडाळीचा शेवटचा कागदही कोराच, कारण कसरीने खाल्लेला जुना तुकडा काढून काकांनीच बावीस वर्षांपूर्वी तिथे नवा लावला होता.

"आपल्याच हुशारीने आपला घात केला," काका म्हणाले.

सोमवारी ताईंनी संचालकबाईंना सगळं सांगितलं, काहीही न लपवता. बाईंनी उभी हयात या संग्रहात घातली होती. तरुणपणी पहिलं पुस्तक लिहिलं तेही याच गुंडाळीवर.

"लिहिलंय ते काकांच्या नव्या कागदावर. म्हणजे कापता येईल," बाई म्हणाल्या. "गुरुवारी कापून टाका. मी समोर असेन. आणि वस्तू लोकांच्या हातात देणं आजपासून बंद. नक्कलसुद्धा नाही. भाषणं ठेवा, पडद्यावर चित्रं दाखवा."

"चूक आमची आहे, बाई. लोकांची नाही."

"म्हणूनच. तुम्हा दोघांसारखी माणसं चुकतात, तर उद्या कोणावर विसंबू?"

पडद्यावर चित्र दाखवायला ताईंची ना नव्हती. पण पंधरा हात चित्र आपल्या हातांनी सरकवल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी पाच वर्षं पाहिलं होतं. त्याच्यासाठीच त्या शनिवारी कामावर येत होत्या.

दादांना न सांगता त्यांची ओळ कापायची हे ताईंना पटेना. बुधवारी त्या वृद्धनिवासावर गेल्या. दादा स्टुलावर चढून बसची पुढची काच पुसत होते. ताईंना बघून खाली उतरले आणि फडकं खांद्यावर टाकलं.

ताईंनी सांगितलं. पेट्या बदलल्या, ओळ मूळ चित्रावर गेली, उद्या ती कापणार आहेत. दादा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं,

"म्हणजे ते खरं होतं?"

"हो."

"चारशे वर्षांचं?"

"हो, दादा."

"आणि मी ते ह्या हातांनी सरकवलं." त्यांनी दोन्ही तळवे पुढे धरून पाहिले. काच पुसून पुसून ते ओले होते. "आंधळा मागतो एक डोळा, आणि देव देतो दोन. ताई, मला वाटलंच होतं. दर महिन्याला मी बघायचो, नावेला माणूस नाही. म्हटलं, असं कसं होईल? प्रवासी उतरले म्हणून नावाडी कुठे जाईल? त्याला परत न्यायचं असतं त्यांना. तो तिथेच पडणार, आम्ही सीटवर पडतो तसा, पाय बाहेर काढून. आणि त्या दिवशी होता तो."

"तुमची ओळ जाणार, दादा. मला फार वाईट वाटतंय."

"कापा की. ओळीचं काय एवढं." त्यांनी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. "तुमच्या नोकरीवर नाही ना येणार? नाहीतर मी येऊन सांगतो मोठ्या बाईंना, मीच न विचारता लिहिलं म्हणून."

"खोटं सांगाल?"

"तुमच्यासाठी सांगेन. गेल्या वर्षी मी बसमध्ये उन्हात शिजत होतो. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, आत या, चित्र बघा. बावीस वर्षं गाडी चालवतोय, लोकांना कुठे कुठे पोचवलं. आत या असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

दादांनी बसच्या पायरीवरची धूळ फडक्याने झटकली आणि म्हणाले, बसा, चहा सांगतो.

गुरुवारी काकांच्या खोलीत गुंडाळी शेवटापर्यंत उलगडलेली होती. बाजूला पोलादी पट्टी आणि सुरी. संचालकबाई आल्या, उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या,

"करा सुरू."

"कापतो," काका म्हणाले. "पण आधी घाट बघा एकदा." त्यांनी भिंग पुढे केलं. "बावीस वर्षांपूर्वी मी ही धुवायला घेतली होती. ते दोन फराटे मला डाग वाटले. काढायला बोळासुद्धा ओला केला होता. तेवढ्यात जेवायची वेळ झाली, बायकोने वांग्याचं भरीत दिलं होतं, मी उठलो. जेवून आलो तोवर दुसरं काम पुढे आलं. मग नक्कल करताना, हे डाग काढायचेच आहेत असं धरून ते सोडून दिले. त्या भरिताचे उपकार, बाई, नाहीतर तो बिचारा बोळ्याबरोबर वाहून गेला असता. आता सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं."

बाई वाकल्या. खूप वेळ वाकलेल्या होत्या. खोलीत खळीचा आंबूस वास होता आणि बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं.

"मी रिकामी लिहिलंय," शेवटी त्या म्हणाल्या, भिंगावरून डोळे न उचलता. "तीन आवृत्त्यांमध्ये. तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं, की चित्रकाराने नाव रिकामी ठेवून मन रिकामं दाखवलं. केवढं मोठं प्रकरण लिहिलंय मी त्या रिकामेपणावर."

काका आणि ताई, दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. गुंडाळीच्या शेवटाला आल्या आणि आधीच्या सात जणांच्या ओळींवरून बोट न टेकवता हात फिरवत आल्या. ते चिनी त्यांना घडाघडा वाचता येत होतं. मग आठवी ओळ त्यांनी वाचली. एकदा मनात, एकदा ओठांत. काकांनी सुरी उचलून हातात धरली होती.

"हे असं चालणार नाही," बाई म्हणाल्या.

ताईंनी मान खाली घातली.

"सातही जणांनी पाहिल्याची तारीख घातली आहे. यांनी घातलेली नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि तो पुसून होईना. "शनिवारी आले की घालायला सांगा. ब्रश जरा बारीक द्या त्यांना. आणि माझ्यासाठी त्यांच्याशेजारी एक खुर्ची ठेवा."