अंधारात वाचलेला आकडा

घशाच्या सर्जननी मीटरवाल्यांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली आणि महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही असं बजावलं, तेव्हा घरात कोणालाच फारसं वाईट वाटलं नाही. स्वतः मीटरवाल्यांनाही नाही. उभी हयात त्यांनी लोकांच्या घरी जाऊन पाण्याचं मीटर वाचलं, आकडा मोठ्यानं सांगितला आणि पुढचं घर गाठलं. एवढंच बोलणं नोकरीला लागायचं आणि निवृत्तीनंतर तेवढंही उरलं नव्हतं. पण घरी येऊन त्यांनी कॅलेंडर पाहिलं. हवामान मित्रमंडळाची वार्षिक बैठक नेमकी त्याच महिन्यात होती.

हे मंडळ म्हणजे चार लोकांना सहन न होणाऱ्या गोष्टीवर प्रेम करणाऱ्या माणसांचं. स्वच्छ ऊन पडलं की हे एकमेकांना भेटून उसासे टाकत. प्रत्येक सभासदाचं आयुष्यातलं एक वादळ नोंदलेलं असे आणि ते वर्षातून एकदा उभं राहून, सगळ्यांसमोर, तोंडानं सांगावं लागे. सलग दोन वर्षं न सांगितलेलं वादळ रद्द. म्हणजे ते आलंच नव्हतं असं समजायचं. नियम कडक वाटेल, पण ज्या मंडळाच्या हातात पाऊस नाही की वारा नाही, त्यानं निदान नियम तरी हातात ठेवायला हवेत.

मागच्या वर्षी मीटरवाले खोकल्यामुळे गेले नव्हते. यंदाही सांगितलं नाही तर वादळ जाणार होतं, आणि त्याच्यासोबत विक्रम. बैठकीच्या जागी भिंतीवर एक लाकडी फलक होता. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: ‘सर्वांत कमी दाब – नऊशे बावन्न – मीटरवाले’. वादळ जितकं अंगावर येतं तितका हवेचा दाब खाली जातो. एवढं समजलं की या मंडळात कोणालाही बसता येतं. खाली जरा बारीक अक्षरांत ‘नऊशे एकसष्ट – घड्याळवाले’ असं होतं. घड्याळवाले गेली कित्येक वर्षं त्या बारीक अक्षरांकडे बघत चहा पीत होते.

आता या नऊशे बावन्नबद्दल एक गोष्ट फक्त मीटरवाल्यांना ठाऊक होती. तो आकडा त्यांनी पाहिलाच नव्हता.

लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. भर दुपारी वादळ आलं. वीज गेली, खिडक्या लावून घेतल्या. बायको पुढच्या खोलीत दार धरून उभी राहिली आणि मीटरवाले मधल्या बोळात काकांनी दिलेल्या दाबमापकाशी कंदील घेऊन. तो बोळ म्हणजे घराचं आतडं, खिडकी नाही, शिवाय मध्ये वळण. तिथून पुढची खोली दिसत नसे. मीटरवाले काटा बघत आणि आकडा ओरडून सांगत. नऊशे एकाहत्तरपर्यंत सगळं सरळ होतं. मग कुठून तरी वाऱ्याचा झोत आला आणि कंदील विझला. काडेपेटी स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराची कौलं अंगणात. तेवढ्यात पुढच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, “किती झालं?”

आता मीटर वाचणाऱ्याची एक सवय असते. घराला कुलूप दिसलं की तो रिकामा परतत नाही. मागचं वाचन बघतो, मनात हिशेब करतो आणि ‘अंदाजे’ म्हणून आकडा टाकतो. मीटरवाल्यांच्या तोंडून आपसूक निघालं, “नऊशे अडुसष्ट!” एकदा ‘अडुसष्ट’ म्हटल्यावर ‘पासष्ट’ म्हणणं ओघानंच आलं. असं करत ते बावन्नपर्यंत उतरले, मग वर चढले, मग वादळ गेलं. पुढे मंडळात त्यांनी हा किस्सा सांगितला, आणि कोणीतरी सोनेरी रंग आणला. माणूस रंग आणतो तेव्हा थांबवायचं असतं. ते त्यांच्याकडून झालं नाही.

आता आवाज नाही म्हणून त्यांनी चार पानं लिहून काढली आणि बायकोपुढे ठेवली. खाली टीप लिहिली: ‘जसंच्या तसं वाच.’

बायकोनं चष्मा लावला, पानं चाळली, चष्मा काढला. “हे कशाला वाचायचं? मला पाठ आहे. पाहुणा आला की तुम्ही सुरू. माझ्या दुधाला उकळी यायची तेव्हा तुमची कौलं उडायची. गॅस बंद करायला त्याचाच उपयोग व्हायचा मला.”

मीटरवाल्यांनी छोट्या वहीवर लिहिलं: ‘तरी कागद जवळ ठेव.’

“बरं,” ती म्हणाली, आणि बैठकीला जाताना कागद टीव्हीवर विसरली. विसरली असं ती म्हणाली.

मंडळाचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते, त्यामुळे बैठक रविवारी दुपारी त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भरे. एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकची भलीमोठी दाढ, आणि आपण आत कधी जाणार या भीतीची जुनी सवय असलेली भिंत. पहिल्यांदा बसचालक उभे राहिले. यांना मंडळात सगळे ‘गारपीट’ म्हणत. त्यांच्या बसच्या टपावर पडलेली गार पहिल्या वर्षी लिंबाएवढी होती. यंदा ती पेरूएवढी झाली होती. नियमात याला बंदी नव्हती. मग घड्याळवाल्यांनी आपलं नऊशे एकसष्ट सांगितलं, नेहमीप्रमाणे अचूक आणि नेहमीप्रमाणे कोरडं.

“आता मीटरवाले,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांच्या वतीनं वहिनी सांगतील. नियमात ‘तोंडानं’ असं आहे, कोणाच्या ते नाही. हरकत?”

“माझी कशाला हरकत?” घड्याळवाले म्हणाले. “ऐकायला तेवढाच बदल. फक्त आकडे नीट सांगा हं, वहिनी. मीटरवाल्यांच्या आकड्यांचा मला अनुभव आहे. दोन महिने दुकान बंद होतं माझं, आणि यांच्या वाचनात पाणी एवढं, की जणू मी म्हशी पाळल्या होत्या.”

बायको उभी राहिली. पदर नीट केला आणि सुरू झाली. मीटरवाले थक्क झाले. शब्द न शब्द त्यांचा होता. ‘त्या दिवशी सकाळपासूनच हवेत एक कोंडलेपण होतं’ इथे ते जसे थांबत, तशी ती थांबली. ‘आणि काय सांगू!’ म्हणताना ते जसा उजवा हात झाडत, तसा तिनं झाडला. मध्ये ते खाकरत तिथे ती खाकरलीसुद्धा. गारपीट हसून म्हणाले, “गाठ मीटरवाल्यांचीच काढली ना नक्की?”

मग ते वाक्य आलं. ‘दार आतून धरण्यात आलं होतं, आणि मी बोळात कंदिलाच्या उजेडात दाबाचं वाचन घेत होतो.’ मीटरवाल्यांच्या किश्शात दाराला एवढीच जागा होती. जणू दार धरायला सरकारी खात्यातून कोणी माणूस आला होता.

बायको ‘कंदिलाच्या’पाशी थांबली.

“नाही,” ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. “कंदील नव्हता. म्हणजे होता, पण विझलेला.”

मीटरवाल्यांनी वही घट्ट धरली. आवाज असता तर त्यांनी खोकला काढला असता, पण त्यालाही मनाई होती.

“विझलेला?” अध्यक्ष.

“एकाहत्तरनंतर विझला.”

“पण वहिनी, तुम्ही पुढच्या खोलीत. तुम्हाला कसं कळलं?”

“वास आला की. वात विझली की कसा खवट वास येतो रॉकेलचा. वारं तिकडून इकडेच येत होतं.”

घड्याळवाले खुर्चीच्या कडेला सरकले. हा क्षण त्यांनी मनात किती वेळा पाहिला असेल, कोण जाणे.

“म्हणजे पुढचे आकडे...”

“यांच्या मनचे,” बायको म्हणाली.

मीटरवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी लिहायला पेन उघडलं, पण काय लिहायचं? ‘अंदाजे’? ते मिटून ठेवलं.

“एक मिनिट,” अध्यक्ष म्हणाले. “वास तुम्हाला आला तो एकाहत्तरनंतर. आणि ‘किती झालं’ हे तुम्ही विचारलं ते...”

“त्याच्यानंतर.”

“विझलाय हे माहीत असून?”

“हो.”

“मग विचारलंत कशाला?”

“अहो, दार आत ढकलत होतं मला,” ती म्हणाली. “तेवढ्यात बोळातलं बोलणं बंद पडलं. मला वाटलं, हा माणूस गेला की काय. म्हणून विचारलं. तर हे म्हणाले, अडुसष्ट. इतकं ठामपणे म्हणाले! मी म्हटलं, चला, आहे. मग मी विचारत गेले आणि हे सांगत गेले. पुढे मला रडू फुटलं, तर यांनी दाब वाढवायला घेतला.”

मीटरवाले तिच्याकडे बघत राहिले. वर चढताना आपण मोठी शास्त्रीय सावधगिरी बाळगली, असं ते इतकी वर्षं समजत होते.

घड्याळवाल्यांना मात्र राहवलं नाही. “पण वहिनी, अंधारात तिथे उभं राहून करायचं काय होतं? सरळ तुमच्या मदतीला दाराशी यायचं ना!”

हा प्रश्न मीटरवाल्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारला होता. उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते चार पानांत कुठेही नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

“पाय उचलत नसतील,” बायको म्हणाली. “माझेही थरथरत होते. पण मला धरायला दार तरी होतं. यांना काय होतं? आकडे.”

मंडळाचं कामकाज भावनेवर चालत नाही. अध्यक्ष उठले, आत गेले आणि पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी फलकावरच्या नऊशे बावन्नवर पट्टी लावली. “दुखलं तर सांगा,” ते सवयीनं म्हणाले. मीटरवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. खरं तर दुखलं होतं, पण दात काढून झाल्यावर दुखतं तसं.

“म्हणजे आता पहिला कोण?” गारपिटींनी विचारलं.

“कोण म्हणजे? हे बसलेत की,” अध्यक्षांनी घड्याळवाल्यांकडे बोट केलं.

घड्याळवाले फलकाकडे बघत होते. अक्षरं बारीकच होती. “हरवून मिळायला हवा होता हो,” ते पुटपुटले. “हे म्हणजे समोरचा धावपटू लघवीला गेला म्हणून पहिला नंबर.”

“वादळाचं काय पण?” बायकोनं विचारलं. “ते रद्द?”

अध्यक्षांनी विचार केला. “आकडा रद्द. वादळ सांगून झालं नाहीये अजून. तुम्ही मध्येच थांबलात.”

“पुढचं मला पाठ आहे, पण ते सगळं आकड्यांचंच आहे.”

तेव्हा गारपीट पुढे वाकून म्हणाले, “वहिनी, ते दार कसलं होतं?”

मीटरवाल्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत हे वादळ त्यांनी किती जणांना सांगितलं, पण दाराबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना सांगताही आलं नसतं. ते बोळात होते.

“दोन फळ्यांचं,” बायको म्हणाली, आणि आता तिचा हात उजवीकडे झाडला गेला नाही, ती खाकरलीही नाही. “आत उघडणारं. मी पाठ लावली आणि पाय शिलाई मशीनच्या लोखंडी पायांना टेकवले. मशीन माझ्या आईनं दिलेलं, जड. तरी ते सरकायला लागलं. फरशीवर चर्र वाजायचं. बाहेर काय चाललंय ते नाही दिसत हो, पाठीला कळतं. वारा ढकलतो आणि मग जरा दम खातो, माणसासारखा. तो दम खातो तेव्हा जास्त भीती वाटते.”

“हां!” गारपीट म्हणाले. “बसलाही तसंच होतं.”

“एकदा खालून पाणी आलं पायाशी. त्यात कोणाची तरी चप्पल तरंगत आली. आमची नव्हती. दार बंद, तर ती आत आली कुठून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.”

घड्याळवाले हसले. सगळेच हसले. मीटरवाल्यांना चप्पल ठाऊक नव्हती. मशीन सरकलं हे ठाऊक नव्हतं. वादळानंतर फरशीवर ओरखडे आणि दाराची वरची तुटलेली कडी दिसली होती, पण कौलांच्या गडबडीत त्यांनी विचारलं नव्हतं. एकाच छपराखाली, एका वळणापलीकडे एक अख्खं वादळ होऊन गेलं होतं आणि त्यांना त्याचा फक्त आवाज माहीत होता. त्यांनी पेन उघडलं, घाईघाईत काही लिहिलं आणि पान फाडून अध्यक्षांकडे दिलं.

अध्यक्षांनी चष्मा नाकावर घेतला. “मीटरवाले विचारतात, वरची कडी केव्हा तुटली?”

“तुम्ही साठ म्हणालात ना, तेव्हा,” बायको नवऱ्याकडे वळून म्हणाली. “आणि खालची बिजागरी छपन्नला.”

“आणि बावन्नला?” हे घड्याळवाल्यांनी विचारलं.

“बावन्नला मी रडत होते हो. तेव्हा दार आपलं आपणच उभं असणार.”

मीटरवाल्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला. अध्यक्षांनी चष्मा तसाच नाकावर राहू दिला.