नऊशे नावांची बाहुली

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. मला गुलाबी गाल आहेत आणि आडवे केले की मिटणारे, उभे केले की उघडणारे निळे डोळे आहेत. खेळायला मात्र मला मुले फार थोडी वर्षे मिळाली. माझे आयुष्य गेले ते काळ्या झग्यातल्या, दाढी आलेल्या, घोगऱ्या आवाजाच्या तरुणांच्या हातांत.

माझा जन्म पोलंडमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. डोक्यात एक तार, तारेला शिशाचा गोळा, गोळा हलला की डोळे हलतात. सिस्टर बेनिग्ना यांच्या भाचीकडे मी चार वर्षे होते. भाची मोठी झाली, तेव्हा सिस्टरांनी मला पिशवीत घालून सेमिनरीत आणले. सिस्टर तिथले कपडे धुण्याचे काम बघत. त्यांनी मला पांढरा झगा शिवला आणि वर्गातल्या कपाटात ठेवले.

सेमिनरीत तरुण सहा वर्षे राहतात. शिकतात, प्रार्थना करतात, कोबीचे सूप पितात आणि एकच गोष्ट ठरवत असतात. देवाने आपल्याला धर्मगुरू व्हायला खरेच बोलावले आहे, की आपले आपल्यालाच तसे वाटले? पाचव्या वर्षी ते बाप्तिस्मा द्यायला, म्हणजे बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून, नाव घेऊन त्याला ख्रिस्ती करायला शिकतात. तो माझ्यावर. तालीम म्हणून.

आजवर माझा बाप्तिस्मा नऊशे वेळा तरी झाला असेल. दर वेळी नवे नाव. त्यातला एकही बाप्तिस्मा खरा नाही.

एक अडचण आधीच सांगते. पाणी ओतताना मला आडवे धरतात आणि ऐन त्या वेळी माझे डोळे मिटतात. त्यामुळे माझी गोष्ट सलग नाही. मध्ये मध्ये नुसते आवाज आहेत.

(मिटले.)

"अरे, डोकं! डोक्याखाली हात दे! बाळ आहे ते, बटाट्याचं पोतं नव्हे!" हे शिकवणारे फादर आलॉयझी. "नाव काय ठेवलं?"

"बार्बरा, फादर."

"मघाशी तर मुलाचं नाव, वित म्हणाला होतास."

"आईबाबांचं भांडण चाललंय, फादर."

हशा. बोलणारा हा ग्रात्सियान, वर्गातला थट्टेखोर. मग पाणी. गार. कपाळावरून कानामागे, कानामागून मानेच्या सांध्यात, तिथून आत.

(उघडले.)

सगळे जेवायला पळालेले. मला पुसायचे राहून गेले.

त्याआधीही वर्षानुवर्षे असेच राहून गेले होते. आतली तार गंजली. त्याच वर्षी एक दिवस माझा डावा डोळा अडकला तो उघडाच राहिला. फादर म्हणाले, "हिला आता झोप लागत नाही." पुन्हा हशा. सिस्टर बेनिग्नाही थकल्या होत्या, माझा झगा धुवायला कुणी नेईना. पण त्या दिवसापासून मला पाणी ओतणाऱ्याचा चेहरा अर्धा दिसू लागला.

त्या उघड्या डोळ्याने मी सेवेरिनला पाहिले.

सेवेरिन डोंगराकडच्या गावातला, पाच भावंडांत थोरला. धाकट्यांना त्यानेच अंगाखांद्यावर वाढवले होते. त्याने मला पहिल्यांदा उचलले तेव्हा त्याचा तळवा आपोआप माझ्या मानेखाली आला. त्या क्षणापुरती मी बाळ झाले.

"हात बघा याचे," फादर म्हणाले. "विधीचं पुस्तक डाव्या बाजूला उघडं, टॉवेल खांद्यावर, पाणी तीन वेळा. एक थेंब जमिनीवर नाही. शिका!"

"फादर, हा जन्मतःच मामा आहे," ग्रात्सियान म्हणाला. "आणि पुस्तक तर उशाखाली घेऊन झोपतो."

पाचव्या वर्षी प्रत्येकाला बिशपांच्या नावे अर्ज लिहावा लागतो. टाइप केलेला चालत नाही, स्वतःच्या हाताने लिहायचा. मी स्वखुशीने दीक्षा मागतो आहे, मला कुणी भाग पाडलेले नाही, असे त्यात असते. त्या वर्षी शेवटची तारीख होती दोन फेब्रुवारी.

जानेवारीतली दुपार होती. बाकीचे अंगणातला बर्फ उपसत होते, त्यांचा आरडाओरडा खिडकीतून येत होता. सेवेरिन एकटाच वर्गात आला. त्याने कपाट उघडले, मला मांडीवर घेतले.

(मिटला. एकच.)

"नाताळात धाकट्या भावाकडे गेलो होतो," तो मला म्हणाला. "भावजयीला सातवा महिना होता. अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं. मुलगी झाली. नर्स म्हणाली, काही मिनिटांचीच आहे, हॉस्पिटलच्या फादरना फोन केलाय. भाऊ माझ्याकडे बघत होता. भिंतीला नळ होता, या कपाटाइतक्या अंतरावर. अशा वेळी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. नर्स देऊ शकते, रस्त्यावरचा माणूस देऊ शकतो. मी काय म्हणालो, माहितेय?"

त्याने माझ्या गालावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"म्हणालो, माझं पुस्तक घरी राहिलं."

बाहेर कुणीतरी कुणाच्या कॉलरमध्ये बर्फ कोंबला. शिव्या. हसणे.

"फादर अकरा मिनिटांनी आले. तोवर ती नव्हती. आपोलोनिया ठेवणार होते. देव तिला सांभाळेल, ते मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय मी. तिची काळजी नाही गं. या हातांचं काय करू?"

मित्रांनो, मला सांगायचे होते की नऊशे वेळा मला धरले गेले, पण धरावे तसे फक्त याच हातांनी. पण माझे ओठ रंगवलेले आहेत. ते उघडत नाहीत.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. निळ्या शाईतला अर्ज. माझ्या झग्याच्या बंदाखाली, पोटाशी, त्याने तो सरकवला. "तू ठेव. धीर झाला तर न्यायला येईन."

चारच दिवसांनी तास झाला. फादर आलॉयझी उत्साहात होते.

"आज पुस्तकं मिटा! बाळ मरतंय, धर्मगुरू परगावी. काय कराल? टेबलावर माझा चहाचा ग्लास आहे, धुऊन पाणी भरलंय. आपल्या सर्वोत्तम माणसापासून सुरू करू. सेवेरिन!"

(मिटला. एकच.)

त्याने ग्लास उचलला. हात माझ्या कपाळावर आला आणि थांबला. मग मागून ग्रात्सियान म्हणाला, "फादर, याचं पुस्तक घरी राहिलं!"

सगळा वर्ग हसला. फादरही हसले. ग्रात्सियानला काही ठाऊक नव्हते. कुणालाच नव्हते. मला होते.

"आपोलोनिया," सेवेरिन म्हणाला. मग बाप्तिस्म्याचे शब्द, एकही न चुकता. पाणी तीन वेळा. एक थेंब जमिनीवर नाही.

"छान," फादर म्हणाले. "पण फार वेळ लावलास बाबा. बाळ गेलं असतं."

"हो, फादर."

त्याने रुमाल काढला आणि माझी मान पुसली. सांध्याच्या आतपर्यंत, बोटाला रुमाल गुंडाळून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दोन फेब्रुवारी गेली. तो कागद न्यायला आला नाही.

सेमिनरी सोडणारा मुलगा सकाळच्या तासाला, सगळे वर्गात असताना, बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दाराने जातो. निरोप नसतो. दुपारी जेवणघरात एक खुर्ची कमी असते, बस.

"अर्ज लिहिला होता त्याने," ग्रात्सियान वर्गात म्हणत होता. त्या दिवशी तो थट्टा करत नव्हता. "मी पाहिलाय, टेबलावर होता. मग गेला कसा?"

"घाबरला असेल."

"सेवेरिन? काहीतरीच."

कपाटाचे दार अर्धे उघडे होते. ग्रात्सियानपासून मी दोन हातांवर होते. कागद माझ्या पोटाशी होता.

पुढच्या वर्षी नवा वर्ग आला. एका घाईच्या मुलाने भांडेभर पाणी माझ्यावर ओतले. माझ्या झग्यातून ते निळे होऊन खाली टपकू लागले.

"फादर, हिला काहीतरी झालंय!"

फादर आलॉयझींनी बंद सोडला. कागद उलगडला. अक्षरे बरीच वाहून गेली होती. सही राहिली होती, आणि 'स्वखुशीने'. ते खुर्चीत बसले.

"सेवेरिन कुठे असतो हल्ली? कुणाला माहीत आहे?"

"जर्मनीत म्हणतात, फादर. कुठल्याशा गोदामात."

त्यांनी कागद हीटरवर वाळत घातला. वाळला तेव्हा त्यावर सही, तो एक शब्द आणि घड्यांच्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. फादरना अर्ज कळला. नळ कळला नाही. तो फक्त मला ठाऊक आहे.

माझ्या झग्यावरचा निळा डाग गेलेला नाही. नवी मुले हसतात, नवी नावे ठेवतात. आपोलोनिया पुन्हा कुणी ठेवले नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर काम झाल्यावर तिला पुसून ठेवा. पाणी आत मुरते आणि बाहेरून दिसत नाही. आणि सगळ्यांत हुशार मुलाचा हात कधी हवेतच थांबला, तर हसण्याआधी त्याच्या हातातला ग्लास अलगद काढून घ्या आणि विचारा, "काय झालं रे?"

एवढेच विचारायचे होते. मी तर त्याच्या हातातच होते, पण माझे ओठ रंगवलेले.